जुन्या जीपचे पथ्यपाणी

मेंटेनन्सचे दोन प्रकार आपल्याला पुस्तकात असतात, ब्रेकडाऊन आणि प्रिव्हेंटिव्ह. ओरलला व्याख्या धडाधड सांगता येते, पण खरा फरक होस्टेलवाल्यांना वेगळ्या भाषेत लवकर कळेल. ब्रेकडाऊन मेंटेनन्स म्हणजे पी.एल.मध्ये केलेला अभ्यास आणि प्रिव्हेंटिव्ह म्हणजे रोज थोडा थोडा केलेला. पहिल्या प्रकाराने पेपर निघूनही जातो. पण घाटात गाडीचे ब्रेक गेले तर ए.टी.के.टी. मिळत नाही. हा लेख त्यासाठी.

उदाहरण म्हणून जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेऊ. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि तिचे वंशज आजही गावोगावी दिसतात. ऐंशीच्या दशकातल्या एम.एम. ५४० ला प्यूजोच्या मूळ डिझाइनचे एक्स.डी.पी. ४.९० डिझेल इंजिन होते. या ४.९० चा अर्थ सोपा आहे, ४ सिलिंडर आणि ९० मि.मी. बोअर. स्ट्रोक ८३ मि.मी. धरून स्वेप्ट व्हॉल्यूम काढा, २११२ सी.सी. येते. ही गाडी शिकायला उत्तम, कारण बहुतेक सगळे डोळ्यांना दिसते आणि पान्याने उघडते.

१) ब्रेक : सगळ्यात आधी

समजा माणसांसकट २००० किलोची जीप खंडाळ्याहून खोपोलीला उतरते आहे. उंची साधारण ५०० मीटरने कमी होते. वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची केले की जवळपास १० मेगाज्यूल ऊर्जा होते. एवढ्या उष्णतेने ३० अंशांचे जवळजवळ ४ लिटर पाणी उकळून पूर्ण वाफ होईल! यातली काही ऊर्जा इंजिन, हवा आणि टायर खातात. उरलेली सगळी ब्रेक ड्रममध्ये जाते. म्हणून "ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे" हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम शंभर टक्के शास्त्रीय आहे. न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणाऱ्याच्या गाडीत बसू नये.

आता ब्रेक ऑईल. ते हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ३ दर्जाच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ३-४ टक्के पाणी मुरले की तीच मर्यादा १४० वर येते. तापलेल्या व्हील सिलिंडरमध्ये ऑईल उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ पाटाला टेकते. जुन्या विलीज नमुन्याच्या बऱ्याच गाड्यांत एकच ब्रेक सर्किट असते, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाके गेली. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑईल पूर्ण बदला. व्हील सिलिंडरचे रबर दर सर्व्हिसिंगला उघडून बघा. ड्रमच्या आतून ओल दिसली तर "नुसतं पुसून घे" म्हणणाऱ्या मिस्त्रीचे ऐकू नका. ओढा पार केल्यावर ड्रम ओले असतात, तेव्हा हळू चालवत हलका ब्रेक धरून ते वाळवा.

२) ब्रीदर : दहा मिनिटांचे काम

अॅक्सलच्या हाउसिंगवर एक लहानशी टोपी असते. चिखलाने ती हमखास बुजते. काय होते बघा. ३५० केल्विनला तापलेले हाउसिंग ओढ्याच्या पाण्यात शिरून ३०० केल्विनला आले, तर आतल्या हवेचा दाब ३५० ला ३०० या प्रमाणात पडतो, म्हणजे सुमारे १४ टक्के. बाहेरून हवा घ्यायची वाट बंद असेल तर ऑईल सीलमधून पाणी आत ओढले जाते. गिअर ऑईल दुधी चहासारखे दिसले की समजावे, पाणी शिरले. तसेच चालवले तर क्राउन-पिनियन आणि बेअरिंग जातात. ब्रीदर डिझेलने धुवा आणि ट्रिपहून आल्यावर लेव्हल प्लग उघडून बोटाने ऑईल बघा. एवढ्याने मोठा खर्च वाचतो.

३) प्रोपेलर शाफ्ट आणि क्रॉस

थिअरी ऑफ मशीन्समधला हूक्स जॉइंट आठवतो ना? एक जॉइंट कोनात फिरला की आउटपुटचा वेग कमीजास्त होतो. दुसरा जॉइंट तो फरक पुसतो, पण मधल्या शाफ्टचे दोन्ही योक एकाच पातळीत असतील तरच. म्हणून स्लिप जॉइंट सोडवण्याआधी दोन्ही भागांवर छिन्नीने किंवा रंगाने खूण करा. ही खूण न केल्याने नवीन क्रॉस टाकूनही गाडी थरथरते आणि दोष बिचाऱ्या क्रॉसला लागतो. ग्रीस मारताना चारही कपांतून ताजे ग्रीस दिसेपर्यंत गन मारा. पाण्यातून गेल्यावर ग्रीसिंग पुन्हा करा, किलोमीटर मोजत बसू नका. गाडी सोडताना 'टक्' असा आवाज येत असेल तर शाफ्ट हाताने हलवून क्रॉसमधला प्ले तपासा.

४) पाटे, यू-बोल्ट आणि स्टिअरिंग

यू-बोल्ट ढिले झाले की पाटे एकमेकांवर सरकतात आणि सगळा भार सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की अॅक्सल जागेवरून हलतो. पाटे उघडले असतील तर साधारण ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, तेही तिरक्या जोडीने. शॅकलचे बुश, टाय रॉड एंड आणि किंगपिनचे बेअरिंग यांत थोडा थोडा प्ले साठला की खड्ड्यातून गेल्यावर पुढची चाके जोरात थडथडतात. मग नुसते व्हील बॅलन्सिंग करून उपयोग नसतो. एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा, आपण खाली वाकून कुठला सांधा उशिरा हलतो ते बघा. तपासणीला पैसे लागत नाहीत, मित्र लागतो.

५) इंजिन

डिझेलचे ऑईल बदलल्यावर लगेच काळे होते, घाबरू नका. रंगावर जाऊ नका, मॅन्युअलप्रमाणे बदला. धुळीच्या रस्त्यानंतर एअर फिल्टर आधी बघा, कारण बारीक धूळ म्हणजे रिंग आणि लायनरसाठी पॉलिश पेपरच. ऑईल बाथ फिल्टर असेल तर तळाचा गाळ काढून नवीन ऑईल भरा. डिझेल फिल्टरमधले पाणी ड्रेन करा.

"गाडी तापते, थर्मोस्टॅट काढून टाकू" हा सल्ला फार मिळतो. पण अशाने इंजिन थंडच राहते, झीज वाढते आणि तापण्याचे मूळ कारण तसेच राहते. आधी रेडिएटरची जाळी, फॅन बेल्ट, होज आणि टोपी बघा. रेडिएटरच्या टोपीने अर्धा बार दाब धरला तर पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपीचे रबर गेले की हा फायदा गेला. मात्र गरम इंजिनची टोपी कधीही उघडू नका.

६) फोर-व्हील कधी?

या गाड्यांत मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. चिखलात टायर घसरून हिशेब मिटतो. डांबरी रस्त्यावर तो मिटत नाही, सगळा पीळ ट्रान्स्फर केस आणि शाफ्टमध्ये साठतो. म्हणून डांबर लागले की फोर-व्हील काढा. पण महिन्यातून एकदा मैदानात ती थोडी वापरा. लिव्हर जाम झाल्याचे राजमाचीच्या चिखलात कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

वेळापत्रक

निघण्याआधी : इंजिन ऑईल, पाणी, ब्रेक ऑईल, टायरची हवा, दिवे, गाडीखाली पडलेले थेंब.
दर महिन्याला : ग्रीसिंग, यू-बोल्ट, बॅटरीचे पाणी. पूर्ण चार्ज बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते.
पावसाळ्याआधी : ब्रेक, वायपर, वायरिंग, ब्रीदर.
पावसाळ्यानंतर : सगळी गिअर ऑईल तपासणे, चासी धुऊन गंज खरवडून रंग देणे.
वर्षातून एकदा : व्हील बेअरिंग उघडून नवीन ग्रीस, होज आणि बेल्ट.

काम करताना नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. स्टँड द्या, चाकांना दगड लावा.

खाजगी गाडीचे रजिस्ट्रेशन १५ वर्षांचे असते, नंतर दर ५ वर्षांनी तपासणी होऊन ते वाढवून मिळते. पण पाच वर्षांतून एकदा होणाऱ्या तपासणीवर घाटातला माणूस सोडता येत नाही. म्हणून डॅशबोर्डमध्ये एक दोनशे पानी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बघितले, काय बदलले, एवढे लिहा. सहा महिन्यांत ही वहीच सांगायला लागेल की पुढे काय बिघडणार आहे. आणि ट्रिप ठरली की "किती जण बसतील?" याच्या आधी "ब्रेक कधी उघडले होते?" हे विचारायची सवय लावून घ्या.