लेकराच्या मनाचा दवाखाना: बीड जिल्ह्यात कुठं जायचं, किती खर्च येतो

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं निम्मी रिकामी होतात. आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात, लेकरं आजी-आजोबांकडं किंवा वसतिगृहात राहतात. कुणाचा मुलगा नीटच्या तयारीला लातूरला खोली करून राहतो. अशात एखादं लेकरू गप्प होतं, त्याचं जेवण तुटतं, रात्र-रात्र जागतं, शाळा बुडवतं. ‘वयच तसंय’ म्हणत घरचे थांबतात. त्यामागं पैशाची धास्तीही असते. पण उपचाराची सुरुवात बिनपैशाची आहे. खरा खर्च होतो तो एसटीचा आणि बुडालेल्या रोजगाराचा. तो आधी मोजून ठेवला, तर उपचार अर्ध्यावर सुटत नाहीत.

पहिली पायरी: फोन. खर्च शून्य

१४४१६ ही केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती चोवीस तास चालते आणि मोफत आहे. फोन लागल्यावर भाषा निवडायला सांगतात, मराठी निवडा. पुढं समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. लेकरू बोलायला तयार नसेल, तर आधी पालकानं फोन करावा आणि ‘घरी असं असं चाललंय, मी काय करू?’ एवढं विचारावं. आई-बाप फडात असतील तर तिथूनही हा फोन करता येतो. मारहाण, छळ किंवा बालविवाहाचा धाक असेल, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

दुसरी पायरी: सरकारी दवाखाना

बीडच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून उपचार मिळतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केस पेपरचेही पैसे लागत नाहीत.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. हे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडं येतं, म्हणून केस पेपरचं नाममात्र शुल्क धरून चाला. केज, परळी, धारूरकरांना अंबाजोगाई जवळ. गेवराई, वडवणी, शिरूरकरांना बीड. आष्टीकरांना बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ पडतं.

केस पेपरच्या खिडकीवर रांगेत ओळखीचं कुणीतरी असतंच. तिथं ‘मानसिक विभाग’ एवढंच सांगा. बाकीचं डॉक्टरांच्या खोलीत. निघण्याआधी आशाताईंकडून ओपीडीचा वार आणि वेळ विचारून घ्या, म्हणजे फेरी वाया जात नाही. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ क्लिनिक असतं. जवळचं कुठं आहे, हेही त्यांनाच विचारा.

तिसरी पायरी: खासगी

आपल्याकडच्या शहरांत खासगी मानसोपचारतज्ज्ञाची फी साधारण ३०० ते ८०० रुपये धरा. पुण्या-मुंबईच्या समुपदेशकाचं ऑनलाइन सत्र ८०० ते २,५०० रुपयांपर्यंत जातं. पैसे देण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा.

१. शिक्षण आणि नोंदणी काय? मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मानसोपचाराचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात; औषध तेच लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते. ‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावू शकतं, म्हणून पदवी विचाराच.

२. किशोरवयीन मुलांसोबत काम केलंय का?

३. एका भेटीचे किती, साधारण किती भेटी, आणि फी कमी होते का?

औषध लिहून दिलं, तर जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतं का ते बघा. मनानं ते बंद करू नका.

सहा भेटींचा हिशेब

समजा, केजजवळच्या गावातली दहावीची मुलगी आजीबरोबर अंबाजोगाईला जाते. एसटीचं पूर्ण तिकीट एका बाजूला ६० रुपये असेल, तर महिलांच्या निम्म्या तिकिटात दोघींचं जाणं-येणं १२० रुपयांत होतं. चहा-नाश्त्याला ८०. म्हणजे एका फेरीला २०० आणि सहा फेऱ्यांना १,२००, वर केस पेपरचे थोडे. तेच खासगीकडं ६०० रुपये फीनं गेलं, तर ३,६०० वाढतात आणि खर्च ४,८०० वर पोचतो. आईला कारखान्यावरून यावं लागलं, तर खाडा वेगळा. म्हणून दरवेळी कोण सोबत जाणार, हे आधीच ठरवा. मूल १८ वर्षांखालचं असलं तर पालकांची संमती लागते. आजी नेणार असेल, तर भेटीच्या वेळी आई-बापानं फोनजवळ राहावं.

आरोग्य विमा असेल तर कागद काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलंय. मात्र बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात.

लेकराला तयार कसं करायचं?

‘मामाकडं जायचंय’ असं खोटं सांगून दवाखान्यात नेऊ नका. पुढच्या वेळी ते घराबाहेर पडणार नाही. सरळ सांगा: ‘तुला झोप लागत नाही, मला दिसतंय. एकदा डॉक्टरांशी बोलून येऊ. नाही पटलं तर दुसरे बघू.’ डॉक्टर त्याच्याशी एकट्यानं बोलतील, बोलू द्या. ते बोलणं गुप्त राहतं. जिवाला धोका किंवा लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल, तेव्हाच ते पुढं सांगावं लागतं. परत येताना ‘काय विचारलं?’ म्हणून खोदू नका. स्टँडवर शेंगदाण्याची पुडी घ्या आणि शेजारी बसून राहा. एका भेटीत फरक पडत नाही. चार-सहा भेटी तरी धीर धरा.

घरातल्यांची देवाऋषीवर श्रद्धा असेल, तर त्यावरून भांडण करू नका. फक्त दवाखान्याची तारीख चुकवू नका आणि औषध थांबवू नका.

थांबायचं नाही अशी वेळ

लेकरू मरणाची भाषा करत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात टाका आणि १०८ ची मोफत रुग्णवाहिका बोलवा. ‘मरायचा विचार येतो का?’ असं मायेनं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट लेकराला बोलायला वाट मिळते.

कारखान्यावर निघायच्या आधी घराच्या भिंतीवर, आजीला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, खडूनं लिहून ठेवा: १४४१६.