मानेची नस आणि कुपीतील औषध

मानेतून निघून थेट बोटांपर्यंत उतरणारी कळ घेऊन रुग्ण येतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा हात डोक्यावर ठेवलेला असतो. त्या स्थितीत चेतामुळावरील ताण कमी होतो, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. बहुधा सापडते ते सातवे मूळ. सहाव्या व सातव्या मणक्यांमधील चकती सरकली की मधले बोट बधिर होते आणि कोपर सरळ करण्याची शक्ती उणावते.

यांतील बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून बरे होतात, कारण बाहेर आलेला चकतीचा भाग पुष्कळदा आपोआप आक्रसतो. म्हणून पहिले सहा आठवडे वेदनाशामके, हलका व्यायाम व धीर यांवरच माझा भर असतो. (मान मोडून देणाऱ्यांकडे जाऊ नये, हे वेगळे सांगावेच लागते!) मात्र चाल अडखळू लागली, सदऱ्याची बटणे लावता येईनाशी झाली वा हाताची ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर इंजेक्शनच्या आशेवर दिवस घालवू नयेत. तो रुग्ण तातडीने शल्यचिकित्सकाकडे पाठवावा.

उरतात ते, ज्यांना रात्रीची झोप नाही. त्यांच्यासाठी क्ष-किरण पडद्यावर पाहत चेतामुळाजवळ स्टेरॉइड सोडता येते. त्याने दाह ओसरतो. चकती जागेवर बसत नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

सुईइतकेच कुपीत काय आहे, हेही महत्त्वाचे. मेथिलप्रेडनिसोलोन व ट्रायमसिनोलोन ही दुधाळ, कणयुक्त औषधे. मानेतील ज्या रंध्रातून चेतामूळ बाहेर पडते, तेथूनच मज्जारज्जूला रक्त पुरविणाऱ्या बारीक रोहिण्या आत शिरतात; पुढे लागूनच मेंदूकडे जाणारी कशेरुका रोहिणी. एखादीत कण गेले तर रक्तप्रवाह अडून पक्षाघात, क्वचित मृत्यूही ओढवतो. मणक्यातील स्टेरॉइडच्या अशा दुर्मिळ पण भीषण परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली इशारा दिला. २०१५ मध्ये तेथील तज्ज्ञांनी मानेच्या रंध्रमार्गी इंजेक्शनात कणयुक्त औषध वापरूच नये, असे सुचविले. डेक्सामेथासोन स्वच्छ द्रावण आहे, स्वस्त आहे, आपल्या प्रत्येकाच्या कपाटात आहे. ‘डेपो’ औषध अधिक टिकते, या समजापायी मानेत तो धोका पत्करणे मला अक्षम्य वाटते.

डेक्सामेथासोन असले, तरी आधी रंजकद्रव्य सोडून ते वाहिनीत जात नाही ना, हे पडद्यावर प्रत्यक्ष पाहावे.

इंजेक्शननंतर काही दिवस मधुमेह्यांची साखर चढते. तेव्हा रुग्ण पाठविताना चिठ्ठीत साखरेचा आकडा आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत काय, हे कुटुंबवैद्यांनी अवश्य लिहावे.