मुकादम संथ, काम झपाट्याने

प्रश्न : पायथन ही संथ भाषा आहे, असे माझा भाचा सांगतो. पण डेटा सायन्सच्या वर्गात त्याला शिकवतात तीच! लाखो आकड्यांचे काम संथ भाषेवर सोपवण्यात कसले शहाणपण?

उत्तर : भाचा खरे बोलतो आणि वर्गही चुकत नाही. गुंता सोडवू.

पायथनमध्ये एखाद्या नावाखाली आकडा ठेवला आहे की मजकूर, हे आधी जाहीर करावे लागत नाही. लिहिणाऱ्याची सोय होते. मात्र ती चौकशी प्रोग्राम चालू असताना करावी लागते. दहा लाख आकडे लूप लावून एकेक करून दुप्पट केले, तर चौकशीही दहा लाख वेळा. वेळ जातो तो गुणाकारापेक्षा या चौकशीत.

यावरची तोड म्हणजे पायथनसाठीची नमपाय ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. तिच्यातल्या आकड्यांच्या रांगेत, म्हणजेच अ‍ॅरेत साधारणपणे सगळे आकडे एकाच प्रकारचे आणि मेमरीत ओळीने मांडलेले असतात. त्यामुळे चौकशी एकदाच पुरते. पुढची आकडेमोड सी भाषेत लिहून आधीच कंपाइल केलेला कोड उरकतो. थोडक्यात, पायथन हा बांधकामावरचा मुकादम. ‘ही भिंत उभी करा’ एवढेच तो सांगतो. विटा रचतात गवंडी. मुकादम दर विटेमागे हुकूम सोडू लागला, तरच काम रखडते.

ही भाषा डेटा सायन्ससाठीच जन्मली, हाही एक गैरसमज. गिडो व्हॅन रॉसम यांनी 1991 साली ती सर्वसाधारण कामांसाठी प्रसिद्ध केली. पुढे गरजवंतांनी भर घातली. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत लहरी पाहता याव्यात म्हणून जॉन हंटर यांनी आलेख काढणारी मॅटप्लॉटलिब रचली. वेस मॅकिनी यांनी 2008 मध्ये आर्थिक आकडेवारीचे तक्ते हाताळण्यासाठी पांडाज सुरू केली. आकडेवारीवरून अंदाज बांधणाऱ्या मॉडेलसाठी सायकिट-लर्न आली. या सगळ्यांना नमपायचा अ‍ॅरे कळतो, म्हणून तक्ता, आलेख आणि मॉडेल यांची सांगड सहज बसते.

जाता जाता : पायथन हे नाव ‘मॉन्टी पायथन’ या बीबीसीच्या विनोदी कार्यक्रमावरून आले आणि पांडाज हे ‘पॅनेल डेटा’वरून. या प्राणिसंग्रहालयात प्राणी एकही नाही!

तेव्हा भाच्याला सांगा, प्रोग्राम रखडला तर भाषेला दोष देण्याआधी आपण लिहिलेले लूप तपासून पाहा.