संधीचे सोने

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे भारतीय सैन्यातील जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले. पुढे १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहून त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. जिद्द त्यांची होतीच. तिला संधीची जोड मिळाली.

तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी असो वा मुंबई, शाळेत एखाद्या सोबत्याला दिसत नाही, एखाद्याला चालता येत नाही. त्याला कीव नको असते. त्याला फळ्यावरचे वाचून दाखवावे, खेळात गडी करून घ्यावे, पायऱ्यांशेजारी उतार असावा. २०१६ च्या कायद्याने त्याचा हा हक्क मानला आहे. वाट मोकळी झाली, की पराक्रम ज्याचा तो करतो.