माझ्या विमानाचा तोल

तर्कशास्त्राच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याने विमान बांधावयास घ्यावे, हे आमच्या घरात कुणालाच पटले नाही. विमान म्हणजे अर्थात छोटी प्रतिकृती. जमिनीवर उभे राहून रेडिओलहरींनी चालवावयाची. तिच्यापायी मी शिकवण्यांचे सहा महिन्यांचे पैसे घातले, आणि पहिल्याच उड्डाणात ती काही सेकंदांत मातीत गेली. ती का पडली, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आराखड्याची सुरुवात पंखापासून करावी. माझा पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद होता. क्षेत्रफळ २४०० चौरस सेंटिमीटर. सर्व सामानासह वजन ७२० ग्रॅम. म्हणजे दर १०० चौरस सेंटिमीटरवर ३० ग्रॅमचा भार पडला. हा भार जितका कमी, तितक्या मंद गतीने विमान तरंगते. माझ्या हिशेबाने ताशी सुमारे २५ किलोमीटरच्या खाली गती गेली की पंख त्याला तोलून धरणार नव्हता. पंखाची दोन्ही टोके चार-चार सेंटिमीटर वर उचलली, म्हणजे एका कुशीवर झुकलेले विमान आपोआप सावरते. आडवी शेपटी पंखाच्या एक-पंचमांश ठेवली.

शेपटीची ही विद्या जुनी आहे. आल्फाँस पेनो या एकवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने १८७१ साली पॅरिसच्या तुइलरी बागेत, पिळलेल्या रबरावर चालणारे इवलेसे विमान सुमारे ४० मीटर उडवून दाखविले. राइट बंधूंच्या ३२ वर्षे आधी! खरी करामत रबराची नव्हती. त्याने शेपटी पंखापेक्षा कमी कोनात बसविली होती. त्यामुळे नाक वरखाली झाले तरी विमान पुन्हा सरळ होई. मात्र शेपटीने हे काम करावे, तर वजन पुढच्या अंगाला हवे. पेनोविषयी मी वाचले होते. हे वाक्य तेवढे नजरेतून सुटले.

बांधणीविषयी फार लिहीत नाही. अंगासाठी थर्माकोलसारखा पांढरा तक्ता, पंखाच्या पोटात बांबूची कामटी, वरून चिकटपट्टी. एक सूचना मात्र करतो : कोणताही गोंद आधी तुकड्यावर लावून पाहावा. काही गोंदांनी थर्माकोल विरघळतो. माझी एक शेपटी अशीच गेली.

सुगीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात मित्रमंडळी जमली. विमान हातातून सुटले, त्याने नाक वर केले, मी दांडी पुढे रेटली तरी वरच केले, क्षणभर थबकले आणि एका पंखावर कोसळले. मी वाऱ्याला दोष दिला. मग मोटारीला. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतील एका काकांनी तो सांगाडा जोडून घेतला, बॅटरी होती तिथे ठेवली आणि पंखाखाली दोन बोटे लावून सगळे उचलले. शेपटी धपकन खाली बसली.

"वारा काय करील? काटाच मारलाय की!" ते म्हणाले.

तोलाचा बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या सुमारे पाव भागावर, फार तर तीन-दशांशावर असावा. माझ्या पंखात ५ ते ६ सेंटिमीटरवर. तो ८ वर होता. तो साडेपाचवर आणावयाचा, म्हणजे अडीच सेंटिमीटर पुढे. ७२० ला अडीचने गुणले की १८००. बॅटरीचे वजन १८० ग्रॅम, भागाकार १०. बॅटरी दहा सेंटिमीटर पुढे सरकवावयाची, बस्स! एक ग्रॅमही वजन वाढवावे लागले नाही. दिसावयास बरे म्हणून मी ती पंखाखाली दडविली होती.

नवे अंग बांधावयास तीन आठवडे गेले. या खेपेस आधी प्रक्षेपक, मग विमान सुरू केले, सुकाणू हलवून पाहिले आणि काकांनी वाऱ्याच्या तोंडावर ते सोडले. ते सरळ गेले. वळून माझ्याकडे येऊ लागले तेव्हा डावे-उजवे उलटे झाले, हात कापू लागला. अशा वेळी आपल्याला जो पंख खाली दिसेल, त्याच बाजूला दांडी न्यावी, हे पाठ केले होते म्हणून निभावले. चार मिनिटांनी ते तुरीच्या खुंटांत उतरले. पंख शाबूत. घरी आल्यावर बॅटरी काढण्यापूर्वी तिच्या जागेभोवती मी शाईने रेघ ओढून ठेवली.