आपल्या टीव्हीचा डबा अद्ययावत कसा ठेवावा?



आपल्या गावात बहुतेक घरांवर छत्री दिसते. तिची तार घरात एका लहान डब्याला जोडलेली असते. त्याचे नाव सेट टॉप बॉक्स. आमच्या घरी त्याला नुसता 'डबा' म्हणतात, म्हणून मीही डबाच लिहिते. हा डबा म्हणजे एक छोटा संगणकच होय. त्यात प्रोसेसर आणि मेमरी असते, आणि काम कसे करायचे याच्या सूचना असतात. त्या सूचनांना सॉफ्टवेअर म्हणतात. पुष्कळदा डबा धड असतो, फक्त त्यातली माहिती जुनी झालेली असते. आपण मात्र 'डबा गेला' म्हणून मोकळे होतो.

दूरदर्शनची फ्री डिश ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिला महिन्याचे पैसे पडत नाहीत. तिच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी स्थिर वाटतो. तेथून चित्र जसेच्या तसे येत नाही. ० आणि १ या अंकांच्या १८८ बाइटच्या लहान लहान पुड्या येतात. डबा त्या सोडवून चित्र व आवाज तयार करतो. काही पुड्यांत कोणती वाहिनी कोठे आहे याची यादी असते.

आता मुख्य गोष्ट. यादी जुनी होणे वेगळे आणि सॉफ्टवेअर जुने होणे वेगळे.

फ्री डिशवर खाजगी वाहिन्यांना लिलावाने जागा मिळते. मुदत संपली की काही वाहिन्या जातात, काही नव्या येतात. हा बदल बहुधा एप्रिलच्या सुमारास होतो. मग रोजच्या नंबरावर काळा पडदा! आमच्या आळीतल्या एका आजोबांना तालुक्याच्या बाजारात नवा डबा घ्या म्हणून सांगितले होते. माझ्या दादाने मेनूत जाऊन 'ऑटो स्कॅन' केले आणि पाच-दहा मिनिटांत वाहिन्या परत आल्या. एक पैसा लागला नाही. स्कॅन करायचे ते आभाळ मोकळे असताना करावे. जोराच्या पावसात संकेत क्षीण होतो, मग यादी अर्धवट भरते. पावसात चित्राचे चौकोन चौकोन होतात तोही सॉफ्टवेअरचा दोष नव्हे. पाऊस थांबला की ते आपोआप नीट होते.

सॉफ्टवेअरचे काम याहून नाजूक आहे. पैसे भरून घेतलेल्या सेवांचे डबे नवे सॉफ्टवेअर बहुधा उपग्रहावरूनच घेतात. ते कसे येते, बघा. जत्रेतला पाळणा आठवा. एक खुर्ची चुकली तर ती फिरून पुन्हा खाली येते. तसे सॉफ्टवेअरचे तुकडे पुन्हा पुन्हा पाठवतात. एखादा निसटला तर डबा तो पुढच्या फेरीत धरतो. यासाठी रात्री डबा रिमोटने बंद करून भिंतीवरचे बटण चालू ठेवावे लागते. आमची आजी वीज वाचावी म्हणून रोज बटणच बंद करते. तिचेही खरे आहे, पण महिन्यातून एखादी रात्र चालू ठेवायला तिने कबुली दिली आहे. विजा कडाडत असतील तर मात्र प्लग काढलाच पाहिजे.

बाजारातून घेतलेल्या काही डब्यांना पेनड्राइव्हने सॉफ्टवेअर द्यावे लागते. डब्याखालच्या कागदावर मॉडेल लिहिलेले असते. त्याच मॉडेलची फाइल हवी, आणि ती डबा बनवणाराकडूनच घ्यावी. दोन डबे बाहेरून सारखे दिसले तरी आतली चिप निराळी असू शकते.

सर्वांत मोठा धोका विजेचा. नवे सॉफ्टवेअर भरताना डबा पाटीसारखे आधीचे पुसतो आणि मग नवे लिहितो. नेमकी तेव्हाच वीज गेली तर जुने पुसलेले आणि नवे अर्धे! काही डबे पुन्हा सुरुवात करू शकतात, काही मात्र सुरूच होत नाहीत, मग दुरुस्तीवाला गाठावा लागतो. आपल्याकडे विजेचा नेम नाही. म्हणून हे काम भारनियमनाच्या वेळा बघून करावे. घरी इन्व्हर्टर असेल तर उत्तमच. पडद्यावर 'बंद करू नका' असे असेपर्यंत कोणीही रिमोटला हात लावू नये, लहान भावंडांनी तर नाहीच.

सगळेच सॉफ्टवेअरने सुटते असेही नाही. फ्री डिशच्या काही वाहिन्या एमपेग-२ पद्धतीने येतात, काही एमपेग-४ पद्धतीने. ज्या डब्याची चिप फक्त एमपेग-२ ची आहे, त्याला एमपेग-४ वाहिनी कितीही स्कॅन केले तरी दिसणार नाही. तेथे नवा डबाच घ्यावा लागतो.

मेनूत 'सिस्टीम' किंवा 'इन्फॉर्मेशन' येथे सॉफ्टवेअरची आवृत्ती दिसते. मेनू बहुधा इंग्रजीत असतो, तेव्हा घरातल्या मोठ्यांना तो आपणच वाचून दाखवावा. आमच्या वर्गाने एक तक्ता केला आहे. त्यात डब्याचे मॉडेल, आवृत्ती आणि शेवटच्या स्कॅनची तारीख लिहायची आहे. तो खिडकीशेजारी लावला आहे, आणि पालकांसाठी खालच्या ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी