केळापूरच्या रानातील दोन कुडे

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील केळापूर तालुका हा सागाचा, कपाशीचा आणि कोलामांच्या पोडांचा मुलूख होय. तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा; खुद्द केळापूर हे जगदंबेच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. येथील पानझडी रानाने कोलाम, गोंड आणि परधान कुटुंबांना मोहफुले व तेंदूपाने दिली, तशीच पोटाच्या दुखण्यांवरील औषधेही दिली. मुरुडशेंग उगाळून तान्ह्या मुलास द्यावयाची, पोटफुगीवर डिकेमाली, हगवणीवर कच्च्या बेलफळाचा वाळविलेला गर, हे उपाय घरोघरी ठाऊक असतात. तोच बेल पिकला म्हणजे सारक ठरतो. वनस्पती एक, गुण मात्र उलट! रानातील औषधाची सारी विद्या अशा बारकाव्यांवर उभी आहे, आणि बारकावा चुकला तर काय होते याचे उत्तम उदाहरण म्हणजे कुडा.

आव पडणे, मुरडा, रक्तमिश्रित जुलाब यांवर कुड्याची साल हे आयुर्वेदातील मान्यवर औषध आहे. संस्कृतात यास कुटज म्हणतात. कुटजारिष्ट आणि कुटजघनवटी ही त्याचीच सिद्ध औषधे. झाडाच्या बिया म्हणजे कडू इंद्रजव. या सालीतील कोनेसीन हा अल्कलॉइड हेन्स या रसायनज्ञाने १८५८ साली वेगळा केला. पुढे १९२० च्या दशकात कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत कर्नल रामनाथ चोप्रा यांनी आमांशाच्या रुग्णांवर या सालीचा अभ्यास केला. आमांशाच्या जंतूवर कोनेसीनचा परिणाम होतो, तसाच जादा मात्रेत तो मज्जासंस्थेवरही होतो. चक्कर, निद्रानाश, कंप अशी लक्षणे दिसतात. वनस्पतिजन्य म्हणून औषध निरुपद्रवी असते, ही समजूत येथे टिकत नाही.

परंतु कुडा या नावाची झाडे दोन आहेत. औषधी तो पांढरा कुडा. दुसरा काळा कुडा. त्याचे लाकूड पांढरे, मऊ व गुळगुळीत असून कर्नाटकातील चन्नपट्टणची लाकडी खेळणी त्यापासूनच होतात. विदर्भाच्या रानात हे दोन्ही आढळतात. दोघांची फुले पांढरी व सुवासिक, पाने समोरासमोर, आणि डहाळी मोडली की दोघांतूनही दुधासारखा चीक येतो. त्यामुळे चीक ही ओळखीची खूण मुळीच नव्हे. खरी खूण शेंगांत आहे. दोघांच्याही शेंगा लांब, बारीक व जोडीने येतात. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा सुट्या लोंबतात, काळ्या कुड्याच्या कोवळेपणी टोकाशी एकमेकींस चिकटलेल्या असतात. काळ्या कुड्याची पाने लहान व गुळगुळीत असून वाळल्यावर काळवंडतात. त्यांपासून पूर्वी निळा रंगही काढीत. पांढऱ्या कुड्याचे पान मोठे, शिरा ठळक. त्याची साल जिभेला अत्यंत कडू लागते.

झाड उभे असताना जाणत्या माणसाची चूक सहसा होत नाही. साल काढून, तुकडे करून, वाळवून पोत्यात भरली की मात्र पाहणाऱ्याचे डोळे निरुपयोगी ठरतात. युरोपात एके काळी या सालीस मोठी मागणी होती. तीत काळ्या कुड्याची निर्गुण साल मिसळली जाऊ लागली, रुग्णांस गुण येईना, आणि दोष खऱ्या औषधाच्या माथी आला. पोडावरील म्हाताऱ्याचे ज्ञान आणि बाजारातील पुडी यांत हेच अंतर आहे.

यापेक्षा गंभीर प्रश्न लहान मुलांचा. पावसाळ्यात पाणी दूषित होते आणि जुलाबांची साथ येते. अशा वेळी बालक दगावते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. कोणतीही साल ती तूट भरून काढीत नाही. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांस मीठ व ग्लुकोजचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. जलसंजीवनीची पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे पाजावे. अंगावरचे दूध थांबवू नये. मूल निपचित पडले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर आरोग्य केंद्र गाठण्यास क्षणाचाही विलंब नको. आधी काढा, मग पाणी, हा क्रम घातक होय.

मधुमेहावरील बिजाच्या लाकडाविषयीही असेच म्हणावे लागेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची रक्तशर्करा बारा आठवड्यांत आटोक्यात आली होती. ती मोजक्या मात्रेतील अर्काची, वैद्यकीय देखरेखीखालील चाचणी होती. लाकडी पेल्यातील रात्रभरचे पाणी पिऊन चालू गोळ्या सोडणाऱ्यास तिचा आधार घेता येत नाही.

केळापूर तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती गौण वनोपजात धरल्या आहेत, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची लोकजैवविविधता नोंदवही करावयाची असते. नोंदवहीत नुसते 'कुडा' असे लिहून भागत नाही. पान, शेंग व साल यांचे नमुने, कोलामी व गोंडी नावे आणि सांगणाऱ्याची संमती, इतके असावे. शाळेतील मुलांनी शिक्षकांसमवेत दोन्ही झाडांची पाने वाळवून शेजारी शेजारी चिकटविली, तरी फरक कायमचा लक्षात राहील.

खोडाभोवती वर्तुळाकार साल सोलली की झाड वाळते. तोडलेला कुडा बुंध्यापासून पुन्हा फुटतो. म्हणून फांद्यांची साल घ्यावी, खोडास हात लावू नये. इंद्रजवासाठी तर झाडास इजा करण्याचे कारणच नाही. शेंगा हिवाळ्यात पक्व होतात. त्या उकलण्यापूर्वी तोडून सावलीत वाळवाव्यात, काही झाडावरच राहू द्याव्यात. उकललेल्या शेंगेतील बी आपल्या केसाळ झुपक्यासह वाऱ्यावर निघून जाते आणि पुढचे झाड त्यातूनच येते.